ब्रुजमधली जागा कुणी धरली?

केतकी, तू गेल्यापासून ब्रुजची गोष्ट कुणी सांगितलेली नाही.

तुझ्या दिवसांना मंदारकडे सगळे जमले होते. इथे सिंगापुरात, बेडोकच्या तुमच्या त्या हॉलमध्ये एवढी माणसं मी फक्त तुझ्या सईच्या बारशाला पाहिली होती. एकेक जण तुझ्याबद्दल बोलला. हसरी होती, मनमोकळी होती, कुणाच्याही अडीनडीला धावून जायची. सगळं खरं होतं, पण ऐकताना मला वाटत होतं की ही दुसरीच कुणीतरी केतकी आहे. ती कायम उशिरा यायची, हे कुणी बोललं नाही. साध्या गोष्टीला तिखटमीठ लावून ती पार ओळखीपलीकडे न्यायची, हेही कुणी बोललं नाही. मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "अनघा, तू बोल ना. तू तर सगळ्यात जुनी मैत्रीण." मी उभी राहिले. ब्रुजची गोष्ट अगदी जिभेवर आली होती, पण सांगता येईना.

ती गोष्ट मी एकटीने कधी सांगितलीच नव्हती ना. दर गणपतीत, दर कोजागिरीला, कुणाच्या तरी कॉन्डोच्या त्या गारठलेल्या फंक्शन रूममध्ये जेवणं आटपली की कुणीतरी फर्माईश करायचं आणि तू आढेवेढे न घेता सुरू व्हायचीस. मी समोर बसून तुझ्या दर दुसऱ्या वाक्याला "खोटं" म्हणायचे. लोकांना वाटायचं, आमचं आधीच ठरलेलं आहे. काही ठरलेलं नव्हतं. मला खरोखर राग यायचा. त्या दिवशी मी सांगितली असती तर माझीच बाजू सांगितली असती, आणि मला "खोटं" म्हणायला त्या खोलीत कुणी नव्हतं. "मला नाही जमणार," म्हणून मी खाली बसले. सगळ्यांना वाटलं, मला रडू आलं. ते येतच होतं, पण त्याचं कारण मी कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं.

त्या दिवसाच्या साक्षीदार आपण दोघीच होतो. आता मी एकटी उरले. उद्या मी म्हटलं की त्या दिवशी ब्रुजला कडक ऊन पडलं होतं, तर तेही खरंच धरलं जाईल. मला याची फार भीती वाटते आहे, केतकी. एवढा लखलखीत दिवस, आणि तो झाला होता हे सांगायला माझ्यासारख्या एकाच बाईची आठवण. आणि माझी आठवण किती भरवशाची आहे यावर तुझं मत सगळ्या सिंगापूरला ठाऊक आहे.

म्हणून तुलाच सांगते. सुरुवातीबद्दल तरी आपलं दुमत नाही.

तू ठाण्याची, मी पुण्याची. दोघी इथे शिकायला आलो, एकाच हॉस्टेलवर समोरासमोरच्या खोल्यांत राहिलो, आणि तिसऱ्या वर्षी विद्यापीठाने आपल्याला एका सत्रासाठी हॉलंडमधल्या एका छोट्या गावी पाठवलं. त्या गावात आपल्याशी मराठी बोलेल असं आपल्या दोघींखेरीज कुणी नव्हतं. त्यामुळे आपण अखंड बोलायचो. पहिल्यांदा थंडी म्हणजे काय ते कळलं होतं. सिंगापुरात दोन वर्षं घामाने निथळत काढल्यावर त्या मार्च महिन्यात आपण कपड्यांवर कपडे चढवून फिरायचो. तू तर सलवारीवर जीन्स चढवायचीस. हे तू कुणाला सांगितलं नाहीस, म्हणून मी आज सांगते.

बेल्जियममधल्या ब्रुजचं खूळ तुझंच. तिथल्या हॉस्टेलच्या सामाइक स्वयंपाकघरात एक कॅलेंडर होतं, त्यावर कालव्यावरचा कमानीचा पूल होता आणि खाली हंस. तू भांडी घासता घासता म्हणालीस, "अनू, इथे जायचं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत." मी म्हटलं परीक्षा आहे. तू म्हणालीस परीक्षा काय, दरवर्षी असते. आदल्या संध्याकाळी तू रिकाम्या बाटलीने पोळ्या लाटल्यास. एकही गोल नव्हती. त्यांना तूपसाखर लावून गुंडाळलं, माझ्या आईने दिलेल्या लोणच्याची छोटी बरणी पिशवीत टाकली आणि सकाळी अंधारातच निघालो. अँटवर्पला गाडी बदलायची होती. तू तिथे स्टेशनच्या छताकडे तोंड वर करून बघत बसलीस आणि मी तुला दंडाला धरून ओढत दुसऱ्या फलाटावर नेलं. तुझ्या गोष्टीत मला ओढत नेलं जातं. असो.

ब्रुज मला कसं आठवतं, सांगू? ओलं. आभाळ घरांच्या छपरांना टेकलेलं, दगडी रस्ते चकाकणारे, आणि वर मनोऱ्यातून दर थोड्या वेळाने घंटांची धून. पहिल्यांदा वाजली तेव्हा आपण दोघी चौकात उभ्या होतो आणि तू माझा हात घट्ट धरलास. त्या वेळी तू काहीही बोलली नाहीस. मला ते लक्षात राहिलं, कारण तुझं न बोलणं ही दुर्मीळ गोष्ट होती. मग आपण त्या ख्रिस्ती जोगिणींच्या आवारात गेलो. पांढरी घरं, मधे हिरवळ, उंच झाडं सगळी एकाच बाजूला कललेली, आणि दारातच पाटी की इथे शांतता राखा. तू पाटी वाचलीस आणि तुला हसू फुटलं. दाबलं तसं आणखी फुटलं. समोरून एक म्हातारी जोगीण येत होती, ती आपल्याकडे बघून थांबली आणि स्वतःच तोंडावर हात ठेवून पुढे गेली. तुझं हसणं तसंच होतं, शिस्तीतल्या माणसाचीही पंचाईत करणारं.

तिथून जवळच तळं होतं. कॅलेंडरवरचे हंस खरे निघाले. तळ्याकाठी बाक होता, पण तो पावसाने भिजलेला. मी खिशातला रुमाल काढून तो खसाखसा पुसला, तू त्यावर नकाशा पसरलास आणि आपण गुंडाळलेल्या पोळ्या खाल्ल्या. बोटं गारठून गेली होती. तिथे मी तुला सांगितलं होतं की शिक्षण झालं, मग फी-सवलतीच्या बाँडपायी इथे करायची नोकरीची तीन वर्षं पुरी केली की मी पुण्याला परत जाणार. सिंगापुरात माझा जीव रमत नाही. तू लोणचं चाटत म्हणालीस, "जाशील तेव्हा बघू. बरणी इकडे दे."

इथपर्यंत आपण दोघी एकच गोष्ट सांगतो. पुढे फाटे फुटतात.

दुपारी पावसाची सर वाढली आणि आपण एका गल्लीतल्या छोट्या कॅफेत शिरलो. बुटकं लाकडी छत, काचांवर वाफ, आत सगळी टेबलं भरलेली. खिडकीपाशी एक टेबल तेवढं रिकामं होतं, आणि खिडकीबाहेर कालवा. आता इथे सिंगापुरात आपण काय करतो? हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांसमोर, रिकामं टेबल दिसलं की त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवतो आणि निवांतपणे जेवण आणायला जातो. पाकीट दिसलं की ते टेबल 'चोप' झालं, म्हणजे तुमचं. मंत्र्यापासून हमालापर्यंत कुणी त्याला हात लावत नाही. दोन वर्षांत ते आपल्या अंगवळणी पडलं होतं. तर खिडकीपाशी टिश्यूचं पाकीट ठेवलं गेलं आणि आपण दोघी ऐटीत गल्ल्याकडे ऑर्डर द्यायला निघालो. तिथली मुलगी म्हणाली, तुम्ही जाऊन बसा, मीच येते. मागे वळून बघतो तर आपल्या टेबलावर एक आजोबा आणि आजी कोट काढून बसलेले. आजोबांनी पाकीट उघडलं होतं आणि आपल्या टिश्यूने शांतपणे चष्मा पुसत होते.

हो, चष्मा. तुझ्या गोष्टीत ते नाक शिंकरतात, आणि ते ऐकून लोक लोळायचे. पण तो चष्माच होता, केतकी. काचा वाफाळल्या होत्या.

त्या बिचाऱ्यांना काय माहीत? त्यांना वाटलं असणार, टिश्यू कॅफेवाल्यांनीच ठेवलेत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सोयीसाठी. आपण टेबलाशेजारी दोन खांबांसारख्या उभ्या. आजींनी आपले भिजलेले चेहरे पाहिले, आपली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि समोरच्या खुर्च्यांकडे बोट केलं. त्यांना इंग्रजी जेमतेम येत होतं. आपण चौघांनी एकाच टेबलावर गरम सूप प्यायलं. ती दोघं सूप येईपर्यंत आणि आल्यावरही भांडत होती, त्यांच्या भाषेत, हळू आवाजात, न थकता. तू त्याचं मराठी करून मला सांगत होतीस. "ती म्हणतेय, गॅस बंद केलास का? तो म्हणतोय, मी केला. ती म्हणतेय, मागच्या वेळीही असंच म्हणाला होतास." माझ्या नाकातोंडात सूप गेलं. निघताना आजोबा उठले, टेबलावरचं पाकीट उचललं, त्यावरची चिनी अक्षरं कौतुकाने निरखली आणि ते कोटाच्या खिशात टाकून चालू लागले. एकुलता एक पुरावा असा बेल्जियममध्येच राहिला.

भांडण त्याच संध्याकाळी स्टेशनच्या वाटेवर लागलं. मी म्हटलं, "काय गं, युरोपात कुणी टिश्यू ठेवून जागा धरतं का?" तू थबकलीस. "मी? अगं, तू ठेवलंस."

तेव्हापासून चालू आहे.

माझी बाजू भक्कम होती, आणि ती मी किती वेळा मांडली असेल. एक, मी टिश्यू बाळगतच नव्हते. माझ्याकडे रुमाल असायचा, आईने कडा दुमडून शिवलेला. आणि माझं सगळं लहानपण आजोळी जाताना एसटीत गेलं. आम्हाला जागा धरायची असली तर आम्ही खिडकीतून रुमाल टाकतो. हात आपोआप रुमालाकडेच जातो. टिश्यूकडे जाणारा हात तुझा. दुसरं म्हणजे, आजोबांना बघितल्यावर तू कुजबुजलीस, "अगं, माझं पाकीट!" हे तू कधी नाकारलं नाहीस. पाकीट तुझं, तर ठेवलं कुणी? यावर तुझ्याकडे काय उत्तर होतं? नुसतं हसायचं, आणि समोरच्यांना सांगायचं, "हिचं ऐकू नका. पुणेकर आहे, हरली तरी निकाल मान्य करत नाही." आणि सगळे तुझ्या बाजूने.

त्या दिवसाचा एकच फोटो आहे. पुलावरचा, कुणा वाटसरूला काढायला लावलेला. त्यात तुझे डोळे मिटलेले आणि माझं अर्धं डोकं कापलेलं. टेबल नाही, टिश्यू नाही, काही उपयोग नाही.

पुण्याला परत जाण्याचं काय झालं, ते तुला माहीत आहे. म्हणजे जे झालं ते माहीत आहे, का झालं ते मी कधी बोलले नाही. बाँड संपला तेव्हा सई पोटात होती, तुझ्या आईला यायला उशीर होणार होता आणि मंदारला चहापलीकडे काही करता येत नव्हतं. मी म्हटलं, बाळंतपण होईपर्यंत थांबते. मग सई झाली. मग तिचा पहिला वाढदिवस. मग मला एका बँकेत बरी नोकरी लागली, आणि पुढे हौगांगला एकटीपुरता फ्लॅट मिळाला. लोक विचारायचे, लग्न नाही, पोरंबाळं नाहीत, मग इथे कशासाठी राहिलीस? मी म्हणायचे, नोकरी चांगली आहे. तू ऐकायचीस आणि काही बोलायची नाहीस. नोकरी पुण्यातही मिळाली असती. मी राहिले ती तुझ्यामुळे. इथे मला "अनू" म्हणणारी तूच होतीस. तळ्याकाठी मी सांगितलं होतं ना, सिंगापुरात जीव रमत नाही? तो पुढे रमला, आणि तो कुणी रमवला हे सांगायला मला इतकी वर्षं सवड झाली नाही. आज सांगते आहे, तर समोर कुणी नाही.

तुला आठवतं, एकदा बसमधून जाताना स्मशानाच्या वाटेवर मंडाई या भागाची पाटी बघून तू मला डिवचलं होतंस? "बघ, तुमची मंडई. ताजी मेथी मिळते का बघू." आपण किती हसलो होतो. तुला नेलं त्या दिवशी तुझ्या गाडीमागून आम्ही त्याच वाटेने गेलो. मी पाटी बघायची नाही असं ठरवलं होतं, पण ती दिसलीच. शेजारी बसलेल्या बाईंना मी काय सांगणार होते?

हॉस्पिटलमधली ती दुपार मनातून जात नाही. मंदार खाली कॉफी आणायला गेला होता. तुझा आवाज अगदी बारीक झाला होता. तू डोळे न उघडता म्हणालीस, "अनू, आता तरी मान्य कर."

"काय?"

"टिश्यू."

"बरी हो आधी. मग बघू."

"म्हणजे बरी झाले तर मान्य करशील?"

"नाही. मग नीट भांडू."

तू हसलीस, हसताना खोकला आला, आणि नर्सने मला नजरेनेच पुरे करा म्हणून सांगितलं. त्यानंतर आपलं असं बोलणं झालं नाही. मी घरी येऊन विचार केला, काय बिघडलं असतं? "हो बाई, मीच ठेवलं," एवढंच तर म्हणायचं होतं. पण मी तसं म्हटलं असतं तर तुला लगेच कळलं असतं की डॉक्टरांचं मला सगळं कळलं आहे. म्हणून मी नाही म्हटलं. बरोबर केलं की चूक, ते सांगायलाही तूच हवी होतीस.

मग रविवार आले. आपला रविवार तुला सांगायला नको. हौगांगहून मी बस पकडून बेडोकच्या हॉकर सेंटरला यायचे, पंख्याखालचं टेबल बघून टिश्यूचं पाकीट ठेवायचे, दोन कोपी, इथली ती दाट कॉफी, आणायचे आणि तू चालत यायच्या अंतरावर राहूनसुद्धा माझ्यानंतर यायचीस. तुझी कोपी निवून जायची. तू तीच प्यायचीस आणि वर तक्रार करायचीस. हो, आता मी टिश्यू ठेवते. तेव्हा ठेवत नव्हते. माझा मुद्दा तेव्हाचा आहे.

तू गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी सवयीने उठले, बस पकडली आणि बेडोकला उतरल्यावर माझ्या लक्षात आलं की मला तिथे कुणी भेटणार नाही. तरी गेले. एकटीला टेबल धरावं तर कोपी आणायला उठल्यावर ते सांभाळायला पाकीटच. दोन खुर्च्यांच्या टेबलाशी बसले. एक काका आले, समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "समवन सिटिंग?" मी नाही म्हणायला हवं होतं. मी हो म्हटलं. ते दुसरीकडे गेले. मी एका कपासाठी अर्धी सकाळ ती खुर्ची अडवून बसले होते. आठवडाभरात मराठी बोलले ती फक्त आईशी फोनवर, आणि तिला ऐकू कमी येतं.

परवा मंदारचा फोन आला. "अनघा, सई माझ्याशी बोलतच नाही गं. कॉलेजला जाते, येते, खोलीत बसते. रडतही नाही. तू बघ ना जरा." मी म्हटलं, रविवारी पाठव तिला माझ्याकडे, हॉकर सेंटरला.

या रविवारी मला बस उशिरा मिळाली. मी पोचले तर पंख्याखालच्या टेबलावर टिश्यूचं पाकीट होतं आणि सई दोन कोपी घेऊन येत होती. तुझी मुलगी आणि वेळेवर. तिने तुझा तो निळा टीशर्ट घातला होता, तिला तो ढगळ होतो. ती फोनकडे बघत बसली, मी कोपीकडे. मी अभ्यासाचं विचारलं, ती "ओके" म्हणाली. जेवतेस का विचारलं, ती इथल्या पोरांसारखं "ओके लाह, मावशी" म्हणाली. माझ्याकडचे प्रश्न संपले. तुझ्याशी बोलताना मला कधी प्रश्न विचारावे लागले नव्हते, त्यामुळे सवय नाही.

मग तिनेच टेबलावरचं पाकीट बोटाने इकडून तिकडे सरकवलं आणि म्हणाली, "अनूमावशी, ब्रुजला हू चोप्ड द टेबल? सीरियसली."

मी म्हटलं, "तुझ्या आईने."

ती फोनवरून मान वर करून माझ्याकडे बघायला लागली. तिचे डोळे, केतकी, अगदी तुझे. "नो लाह. तूच."

"माझ्याकडे रुमाल होता, सई. मी टिश्यू कशाला ठेवीन?"

"बट रुमाल वॉज वेट लाह."

"काय?"

"आई टोल्ड मी. तू बेंच पुसलास तुझ्या रुमालाने, देन इट वॉज सोकिंग वेट. सो इन द कॅफे तुला हात पुसायला काही नव्हतं, सो आईने तिचं पॅकेट तुला दिलं. तिचं पॅकेट, करेक्ट. बट इट वॉज इन युअर हँड."

इतक्या वर्षांत हा मुद्दा तू एकदाही काढला नव्हतास. एवढ्या कोजागिऱ्या झाल्या, एवढे गणपती झाले, मी भर सभेत रुमालाचं तुणतुणं वाजवत होते आणि तू नुसती हसत होतीस.

"हे तिने मला कधीच सांगितलं नाही," मी म्हटलं.

"आय नो. शी सेड डोन्ट टेल अनूमावशी." सई पाकिटाकडे बघत बोलत होती. "आई सेड, सांगितलं की फिनिश लाह. ती मान्य करेल, मग संडेला काय भांडणार?"

एवढं बोलली आणि तिचा चेहरा वाकडा झाला. मंदार म्हणत होता, रडत नाही. रडली. मीही रडले. शेजारच्या टेबलावरच्या काकू आमच्याकडे बघून हळूच नजर वळवत होत्या. मी पाकीट फोडलं, एक टिश्यू तिला दिला, एक मी घेतला. त्या आजोबांसारखाच मीही चष्मा पुसला. तू असतीस तर लोकांना सांगितलं असतंस की मी नाक शिंकरलं.

मग मी घसा साफ केला आणि म्हटलं, "तुझी आई गोष्टीला तिखटमीठ लावायची. बाक तिने नकाशाने पुसला होता. माझा रुमाल खडखडीत कोरडा होता."

सई ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने टेबलावर हात आपटला. कोपी सांडली. "खोटं," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, तुझ्या आवाजाच्या पट्टीत. "मावशी, खोटं बोलतेस तू. तूच ठेवलंस."

"सिद्ध कर."

"करीन. नेक्स्ट संडे." तिने कप उचलले, ट्रे उचलला. "आय विल चोप. तू लेट नको येऊस."

ती तुझ्यासारखी भराभर चालत गेली, मागे वळून न बघता. मी बसून राहिले. काल रात्रीपर्यंत मला वाटत होतं की तो दिवस आता माझ्याबरोबर संपणार. आता तो कुणीतरी दोन्ही हातांनी धरून ओढतं आहे, आणि मला तो सोडायचा नाही. पुढच्या रविवारी मी रुमाल घेऊन जाणार आहे, एसटीत कसा टाकतात ते तिला दाखवायला. तिने ते कधी पाहिलं नाही.

आणि आता तुझं माझं काय ते. केतकी, रुमाल भिजला होता. सई बोलली तसं मला सगळं दिसलं, बाक, पाणी, मी तो पिळून पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात टाकलेला, आणि कॅफेच्या दारात तू पुढे केलेलं पाकीट. पुढचं तू जाणतेसच. झालं समाधान? पण हे सईला सांगू नकोस.